चोर, आग आणि आमचं जाळीचं दार

आमच्या घरात चोराने नेण्यासारखं काही नाही, हे मी एखाद्या चोराला अर्ध्या तासात पटवून देईन. सौभाग्यवतींना मात्र ते लग्नाला सोळा वर्षं झाली तरी पटवता आलेलं नाही. त्यांच्या मते घरात पुष्कळ आहे, फक्त मला ते दिसत नाही. त्यामुळे सोसायटीच्या तळमजल्यावरून एका रात्री दोन पितळी समया, एक मनगटी घड्याळ आणि (हे विशेष) नुकतंच भरून आलेलं गॅस सिलिंडर नाहीसं झालं, तेव्हा आमच्या घराला लोखंडी ग्रिल बसणार हे विधिलिखित होतं.

मी दुबळा विरोध करून पाहिला. म्हटलं, "अगं, तिसऱ्या मजल्यावर चोर चढणार कसा?"

"तुम्हाला जिना चढताना धाप लागते, म्हणून चोरालाही लागते असं नाही," उत्तर आलं.

ग्रिलवाला आला, माप घेऊन गेला आणि आठ दिवसांत आमची गॅलरी, दोन्ही खिडक्या आणि न्हाणीघराचं तावदानसुद्धा गजांआड झालं. बँकेत मी लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक कॅशच्या पिंजऱ्यात झाली होती. म्हणजे दिवसभर एका पिंजऱ्यात बसायचं आणि संध्याकाळी सुटून दुसऱ्या पिंजऱ्यात यायचं, एवढीच काय ती बढती झाली. दाराचा थाट तर विचारूच नका. वर कडी, खाली खिट्टी, मध्ये साखळी, शिवाय लॅच. त्याच्या बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर आणि त्याला आतून कुलूप. रात्री हे सगळं लावायला मला जेवढा वेळ लागे, तेवढ्या वेळात आमच्या शाखेची स्ट्राँगरूम बंद होते. आणि तिथे निदान दोघं जण असतात.

असे आम्ही सुरक्षित होऊन दोन वर्षं झोपलो. चोर आला नाही. एका रात्री अडीच वाजता आग आली.

आग तशी मोठी नव्हती. जिन्याखालच्या मीटर बोर्डाला लागली होती. पण धुराला जिना चढताना धाप लागत नाही. मी दार उघडलं तर काळा लोट आत. सेफ्टी डोअरला हात घातला तर कुलूप. आणि किल्ली? किल्ली सौभाग्यवतींनी 'सुरक्षित जागी' ठेवलेली. वाचकहो, मराठी घरात एखादी वस्तू सुरक्षित जागी ठेवली याचा अर्थ ती आता कुणालाच सापडणार नाही, असा असतो. आम्ही मुख्य दार लोटून घेतलं, फटीत ओला टॉवेल कोंबला आणि किल्ली शोधू लागलो. चिरंजीव खोकत होते. बाहत्तर वर्षांची आई पलंगावर बसून शांतपणे रामरक्षा म्हणत होती, आणि त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात बंब आला. जिन्यात धूर म्हणून जवानांनी शिडी गॅलरीला लावली. शिडीवरून एक जवान वर आला आणि ग्रिलच्या पलीकडे उभा राहिला. तो बाहेर, आम्ही आत, मध्ये पाऊण इंची गज. क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. मग तो म्हणाला, "काका, हे चोरासाठी बसवलंय ना? आज चोर आला नाही, आम्ही आलोय. आम्हाला तरी आत घ्या."

त्याला काय उत्तर द्यायचं? तो गज कापायचं यंत्र मागवतोय तोवर खाली आग विझली, धूर ओसरला, आणि आईची रामरक्षा संपली. ती संपल्यावर आई म्हणाली, "किल्ली देवघरात आहे. बाळकृष्णाच्या मागे." सगळा प्रकार नऊ मिनिटांचा. कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर कितीतरी रात्री मला त्या गजांपलीकडचा तो जवान दिसत असे.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध सनावळ्या पाठ करून विसरण्यापुरता. पण जमा-नावे तेवढं पक्कं कळतं. चोराच्या खाती जे जमा केलं, ते आगीच्या खाती नावे पडलं, हे मला त्या रात्री उमगलं. मग मी वाचनालयात जाऊन हा हिशेब पहिल्यापासून तपासायला घेतला. माणूस दारं-खिडक्या करायला लागला तेव्हापासून त्याला हे दोन पाहुणे नको आहेत, आणि एकाला अडवायला जावं तर दुसऱ्याची सोय होते, असंच मला जुन्या वह्यांत दिसलं.

सुरुवात घरापासून करू. आपले जुने वाडे बांधणारे चोराच्या बाबतीत आमच्या सौभाग्यवतींच्याच मताचे होते. रस्त्याकडे खिडक्या थोड्या, त्याही लहान आणि उंचावर. मोठं सागवानी दार, त्यात वाकून आत यायची दिंडी, आणि दाराआड भिंतीत सरकणारा अडसर. उजेड-वारा घ्यायचा तो मधल्या चौकातून. पुण्याच्या शनिवारवाड्याचं तर विचारायलाच नको. 1730 साली थोरल्या बाजीरावांनी पायाभरणी केली, 1732 साली वास्तुशांत झाली. त्याच्या दिल्ली दरवाजावर टोकदार लोखंडी खिळे आहेत, हत्तीने धडक मारू नये म्हणून. आमच्या सेफ्टी डोअरवर तेवढेच नाहीत. ग्रिलवाल्याने सुचवले नाहीत हे नशीब. पण 1828 च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आतल्या लाकडी इमारती गेल्या. राहिले जोते, तट आणि दरवाजे. हत्ती अडवायला केलेलं दार आजही उभं आहे. ज्याच्यासाठी ते केलं तो वाडा मात्र नाही. आग दारातून आत येते, असं तिने कुणाला वचन दिलेलं नव्हतं.

किल्ल्याचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत, म्हणून तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. लहानपणी मला त्या गोष्टीत हिरकणीचं धाडस दिसे. आता दुसरंच दिसतं. शत्रूसाठी लावलेलं दार आपल्या माणसाला आत कोंडतं, हे त्या गवळणीने कडा उतरून दाखवलं. कडा उतरायला तिच्या वाटेत ग्रिल नव्हतं, हे आपल्या इतिहासाचं भाग्यच.

चोरापेक्षा आग महाग पडते, हे कायद्यात लिहून ठेवायची पाळी लंडनवर आली. 2 सप्टेंबर 1666 च्या पहाटे पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली आणि चार-पाच दिवसांत सुमारे 13,200 घरं खलास झाली. घरं लाकडाची, गल्ल्या अरुंद. समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून दोन शेजारणी हात लांबवून लोणचं देतील एवढ्या जवळ. आगीनेही त्याच वाटेने देवाणघेवाण केली. मग 1667 साली कायदा झाला की घरं विटांची नाहीतर दगडांची बांधा. लोकांनी बांधली. पण खिडकीची लाकडी चौकट बाहेरच्या भिंतीला अगदी फटून बसवायची फॅशन होती, आणि आग त्या चौकटीवरूनच भिंतीभर चढे. म्हणून 1709 साली दुसरा कायदा झाला: चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत घ्या. 1774 च्या कायद्याने तर ती विटांच्या आड लपवायला लावली. लंडनच्या जुन्या घरांचे फोटो पाहिले की त्या खोल खिडक्या आपल्याला डौलदार वाटतात. तो डौल नाही. खिडकीने आगीला पाहून चार इंच घेतलेली माघार आहे.

चौकट मागे गेली, पण चोर मागे जाईनात. कुलपांची स्पर्धा सुरू झाली. ब्रामा नावाच्या कारागिराने 1784 साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या दुकानाच्या खिडकीत ते कुलूप मांडून पाटी लावली गेली: किल्लीशिवाय हे उघडेल त्याला दोनशे गिनी. 1817 साली पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली, सरकारने बक्षीस लावलं आणि 1818 साली चब्ब यांनी असं कुलूप केलं की कुणी परकी तार घातली तर ते अडकून बसे आणि मालकाला चाहाड कळे. धंद्याने कुलूपवाला असलेल्या एका कैद्यापुढे ते ठेवलं, उघडलंस तर सुटका म्हणून सांगितलं. बिचारा महिनोन्महिने झटला आणि हरला. स्वातंत्र्याच्या वाटेत कुलूप म्हणतात ते हे.

मग 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. त्याने चब्बचं कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपाला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले, पण तेही उघडलं आणि दोनशे गिनी घेऊन गेला. इंग्रज साहेबांची झोप उडाली. मला मात्र हा माणूस आमच्या बँकेच्या ऑडिटरसारखा वाटतो. चोरत काही नाही, पण काय चोरता आलं असतं हे जाताना सांगून जातो.

आता या दोघांना, चोर आणि आग, एकाच दाराने अडवू, असं एकोणिसाव्या शतकातल्या वखारवाल्यांच्या मनात आलं. त्यांनी खिडक्यांना लोखंडी झडपा लावल्या. लोखंड जळत नाही आणि चोराला फुटत नाही; आणखी काय हवं? पण शेजारी आग लागली की लोखंड तापून वाकडं होई, झडप चौकटीतून सुटे आणि आग फटीतून आत. त्यात आतच आग लागली तर बंबवाल्यांना बाहेरून झडपा उघडता येईनात. म्हणजे आमचीच गॅलरी, फक्त शंभर-दीडशे वर्षं आधी.

यावर अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या विमा कंपन्यांनी ज्या दाराचा पुरस्कार केला, ते वाचून मी वाचनालयात मोठ्याने हसलो. आग अडवणारं दार कशाचं? तर लाकडाचं! फळ्यांचे थर एकमेकांवर आडवे-उभे ठोकायचे आणि वरून कल्हईच्या पत्र्याने सांधे दुमडून पक्कं मढवायचं. आत हवा नाही म्हणून लाकूड भडकत नाही, नुसतं कोळसत जातं. आणि कोळसत असताना ताठ उभं राहतं. लोखंड तापलं की वाकतं, लाकूड सोसतं. आमच्या घरातलं पात्रवाटप मी इथे सांगत नाही. हे दार उतरत्या रुळावर बसवून एका वितळणाऱ्या दुव्याने अडकवून ठेवत. खोलीत उष्णता वाढली, 74 अंशांच्या आसपास गेली, की दुव्यातलं डाखकाम वितळे आणि दार स्वतःच्या वजनाने घरंगळत जाऊन बंद होई. ना शिपाई, ना सर्क्युलर.

खिडकीची काच मात्र आगीपुढे तडकून खाली पडे. त्यावर 1892 साली फ्रँक शूमन याने तोड काढली. काचेच्या पोटात तारेची जाळी घालायची. काच तडकते, पण जाळी तिला धरून ठेवते. जुन्या इमारतींच्या जिन्यात ही काच आपण पाहिली आहे, आणि ती चोरासाठी आहे अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात धक्क्याला ती साध्या काचेपेक्षा काही मोठी पहिलवान नाही. चोराने हे वाचू नये.

इथवर हसत वाचलं. पुढची पानं हसत वाचता आली नाहीत.

16 जून 1883. इंग्लंडमधल्या संडरलंड गावी मुलांसाठी जादूचे खेळ होते. शेवटी स्टेजवरून खेळणी वाटायला लागले, तेव्हा माडीवरची पोरं जिन्यावरून धावत खाली आली. खालचं दार आत उघडणारं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून खिट्टी लावलेली. 183 मुलं चेंगरून गेली. आग नव्हती, चोर नव्हता. नुसतं एक दार होतं. त्यानंतर 1892 साली ब्रिग्ज नावाच्या माणसाने, आतून नुसतं रेटलं की उघडेल असा अडसर काढून त्याचं पेटंट घेतलं.

30 डिसेंबर 1903. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर. सुट्टीतला दुपारचा खेळ, बायका-मुलांची गर्दी. सहाशेच्या वर माणसं गेली. काही दारांना कुलपं होती, काहींची कडी कशी काढायची हेच प्रेक्षकांना कळेना. त्या खेळाला जाणारा प्रिंझलर नावाचा बिजागऱ्या-कड्यांचा व्यापारी कामात अडकल्यामुळे वाचला. तो आयुष्यभर 'नशीब' म्हणत बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्याने एका वास्तुरचनाकाराला गाठलं आणि 1908 पर्यंत दाराच्या आतल्या बाजूला आडवी दांडी बसवलेली कडी बाजारात आणली. अंग टेकलं की दार उघडतं, आणि बाहेरून मात्र बंदच. व्हॉनेगट, ड्यूपाँ आणि प्रिंझलर या तिघांच्या आडनावांची संधी करून तिचं नाव ठेवलं व्हॉन ड्युप्रिन. सिनेमा थिएटरच्या बाहेर पडायच्या दारांवर अशी दांडी दिसते, तिच्यामागे ही गोष्ट आहे.

आणि 25 मार्च 1911. न्यूयॉर्कचा ट्रँगल नावाचा कपड्यांचा कारखाना. 146 माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्याचं एक दार कुलूपबंद होतं; मुलींनी जाताना एकाच दाराने जावं, म्हणजे कापड पळवत नाहीत ना हे पिशव्या तपासून पाहता येईल. खटला चालला तेव्हा एका मालकाला विचारलं, चोरीला गेलेल्या मालाची किंमत किती असेल? पंचवीस डॉलरहून जास्त नाही, हे त्याने कबूल केलं.

वीस वर्षं मी आकडे लिहितो आहे. एका बाजूला पंचवीस, दुसऱ्या बाजूला एकशे सेहेचाळीस, असा ताळेबंद मी कधी पाहिलेला नाही. मी ते पुस्तक मिटलं, घरी गेलो आणि आमच्या दोन समया (आमच्या अजून आहेत), टीव्ही, घड्याळं, सौभाग्यवतींचे दागिने आणि कपाटामागची 'कुणालाच माहीत नसलेली' पिशवी यांची यादी केली. दुसऱ्या बाजूला आई, सौ. आणि चिरंजीव अशी तीन नावं लिहिली. बेरीज केलीच नाही.

आपल्याकडेही हे कळलेलं नाही असं नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडायच्या दाराबद्दल साफ लिहिलं आहे की ते आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. 'किल्लीशिवाय' हा शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केला. वाचनालयाचं पुस्तक होतं, पण इलाज नव्हता.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी हे सगळं मांडलं. 1666 पासून सुरुवात केली तेव्हा सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. 1774 ला पहिल्या मजल्यावरचे काका घोरायला लागले. शेवटी मी मुद्द्यावर आलो: प्रत्येक ग्रिलमध्ये माणूस जाईल एवढी आतून उघडणारी झडप, सेफ्टी डोअरला कुलपाऐवजी आतून फिरवायची मूठ, आणि जिन्यातले चपलांचे स्टँड, सायकली, जुन्या गाद्या बाहेर. एक जण म्हणाले, "आणि झडपेतून चोर आला तर?"

मी म्हटलं, "तर समया जातील."

सभा गप्प झाली. मग शिरस्त्याप्रमाणे विषय अभ्यासासाठी उपसमितीकडे गेला. पण सभेनंतर तिघांनी हळूच माझ्याकडून ग्रिलवाल्याचा नंबर घेतला. काकांनीही घेतला, ते घोरता घोरता ऐकत होते.

आमच्या गॅलरीत आता झडप आहे. तिची किल्ली आत, उजव्या हाताला, खिळ्यावर. बाहेरून हात पोचत नाही आणि अंधारातही आतून सापडते. देवघरातून ती हलवताना सौभाग्यवतींना बाळकृष्णाची क्षमा मागावी लागली. महिन्यातून एका रविवारी आम्ही दिवे घालवून तालीम करतो. चिरंजीव घड्याळ लावतात. पहिल्या वेळी दार उघडायला दोन मिनिटं लागली, कारण सौभाग्यवतींनी जुन्या सवयीने साखळीही लावली होती. परवा सव्वीस सेकंद लागले.

रोज रात्री झोपण्यापूर्वी आई काठी टेकत गॅलरीपर्यंत जाते, खिळ्यावरची किल्ली हाताने चाचपून पाहते आणि मगच रामरक्षेला बसते. तेवढा हिशेब तिने माझ्यावर सोडलेला नाही.